वाटेवरचा माल

थोरली विद्यापीठाचा जिना चढत होती, दोन्ही हातांत रिकाम्या काड्यापेट्यांनी गच्च भरलेल्या पिशव्या घेऊन, तेवढ्यात वरून कारकून धावत आला. म्हणाला, "आधीच्या उमेदवाराची गाडी चुकलीये. समिती म्हणते, तुमचा पाठ आत्ताच घेऊन टाका." एवढं बोलून तो परतही फिरला.

 निवडीसाठी शिकवून दाखवायचा तो पाठ दुपारी होता. पाठाला लागणारे तिचे विद्यार्थी त्या वेळी खालच्या मजल्यावर परीक्षेच्या खोलीत कोंडलेले होते आणि तास संपेपर्यंत काही सुटणार नव्हते.

ही थोरली शिकवायची तो विषयच जगावेगळा. कारखान्यातून निघालेला माल गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत वाटेत त्याचं काय होतं, एकीकडे का तुंबतो आणि दुसरीकडे त्याच वेळी का संपतो, हे ती शोधायची. पुस्तकात त्याला पुरवठा साखळी म्हणतात. तिची आई शेजारीपाजारी सांगायची, "आमची थोरली, दुकानात साबण का नसतो ते शिकवते." त्यावर कुणी फिस्सकन हसलं, की आई तिथल्या तिथे ऐकवायची, "हसताय काय? नसला की कळेल, दगडाने घासाल!"

एवढं शिकून थोरली अजून हंगामीच होती. दर वर्षी नवं नेमणूकपत्र, दर वर्षी तीच धाकधूक. आणि आता विभागाने नियमच काढला होता, की हंगामी माणसांनी कायम व्हावं, नाहीतर वाट धरावी. जागा एक, निवड आज. नाही झाली तर एका साबण कंपनीच्या गोदामात तिच्यासाठी चांगल्या पगाराची खुर्ची तयार होती. पण तिथे तिला सगळे 'कधी पोचेल' एवढंच विचारणार होते. 'असं का होतं' हे विचारायची जागा फक्त इथे होती, आणि तिला त्या 'का'चं भारी व्यसन.

तिने जिन्याच्या कठड्यावरून खाली पाहिलं. खाली सामान पोचवायला आलेली घरची माणसं उभी होती. आई, मामा, धाकटी बहीण आणि थोरलीचा नवरा. 'वर अजिबात यायचं नाही' असं त्यांना बजावून ठेवलेलं होतं, म्हणून सगळे माना वर करून बघत होते. माणसं चार होती. पाठातल्या खेळाला खेळाडूही चारच लागत होते.

"वर या!" थोरली ओरडली. "सगळे! पिशव्यांसकट!"

"आत्ता तर म्हणालीस वर येऊ नका," आई म्हणाली. पण बोलेपर्यंत ती अर्धा जिना चढलेली होती.

"आई, तुला थोडा वेळ तोंड बंद ठेवता येईल?"

"न यायला काय झालं?"

मामा धापा टाकत म्हणाला, "ताई गप्प बसली की आम्ही डॉक्टरला फोन करतो."

"तू जिना चढ आधी. मग माझी काळजी कर."

धाकटी नर्स होती, तिला घाईची सवय. तिने थोरलीच्या हातातली एक पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, "काय करायचं ते चालता चालता सांग."

चालता चालता सांगण्याइतकाच सोपा तो खेळ होता. चार टेबलं. एक दुकान, एक घाऊक व्यापारी, एक गोदाम, एक कारखाना. एक काड्यापेटी म्हणजे साबणाचं एक खोकं. गिऱ्हाईक दुकानात येतं, दुकान व्यापाऱ्याकडे मागतं, व्यापारी गोदामाकडे, गोदाम कारखान्याकडे. मागणी चिठ्ठीवर आकडा लिहून करायची. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. आणि मागवलेला माल लगेच येत नाही. मधली दोन फेऱ्यांची वाट संपली की येतो. कारखान्यालाही तेच, आज करायला घेतलेला माल दोन फेऱ्यांनी तयार.

"एवढंच?" मामाने विचारलं.

"एवढंच. कुणाकडे माल कमी पडू नये आणि कुणाकडे ढीग साचू नये. बस."

"मग यात शिकवायचं काय आहे?" आई म्हणाली. "हे तर कुणालाही जमेल."

 थोरलीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. हेच वाक्य दर वर्षी वर्गात कुणीतरी म्हणायचं.

खोली लांबट होती. खिडक्या उंच, फळा पांढरा, आणि भिंतीशी समिती एका रांगेत बसलेली. मधोमध अध्यक्षीणबाई, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांच्या उजव्या हाताला ते ज्येष्ठ प्राध्यापक, ज्यांना विद्यार्थी पाठीमागे 'कात्री' म्हणायचे, कारण त्यांच्या हाताखालून गेलेला निबंध निम्माच परत यायचा. थोरलीचाही गेल्या वर्षी तसाच आला होता. निबंधात तिने छातीठोक लिहिलं होतं, की दोष माणसाचा नसतो, रचनेचा असतो. त्या खुर्चीत कुणालाही बसवा, ढीग साचणारच. त्या वाक्याखाली कात्रीने लाल शाईत लिहिलं होतं, 'हे सिद्ध झालेलं नाही.' ती ओळ थोरलीला जेवताना आठवायची आणि घास तोंडात फिरायचा.

"आणि ही मंडळी कोण?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"माझे विद्यार्थी परीक्षेत आहेत, मॅडम. ही घरची माणसं आहेत. यांना या विषयातलं काही माहीत नाही."

"काही म्हणजे अगदीच काही नाही असं नव्हे हं," आई म्हणाली.

"आई!"

"बसते."

धाकटी दुकानात बसली. मामा घाऊक व्यापारी झाला. गोदामात जावई, आणि शेवटच्या टेबलावर, कारखान्यात, आई. थोरलीने प्रत्येकाच्या पुढ्यात थोड्या काड्यापेट्या ठेवल्या, हातात चिठ्ठ्या दिल्या, आणि गिऱ्हाईक म्हणून स्वतः दुकानापाशी उभी राहिली.

पहिल्या काही फेऱ्या अगदी शहाण्यासारख्या गेल्या. गिऱ्हाइकाने चार खोकी मागितली, चार मिळाली. पुन्हा चार. मामा तर जांभई द्यायला लागला. मग थोरलीने गुपचूप आठाची चिठ्ठी टाकली.

धाकटी चमकली. तिने होती तेवढी दिली आणि व्यापाऱ्याकडे आठांच्या ऐवजी दहा मागितली. न जाणो, उद्या आणखी लागली तर? मामाने दहाची चिठ्ठी वाचली, भुवया उडवल्या आणि बारा मागितली. आणि पुढच्या फेरीला मागवलेलं काहीच आलं नाही, कारण ते वाटेत होतं. धाकटीचं टेबल मोकळं पडलं. तिने पुन्हा मागितली, आता जास्तच. मामाचं टेबल मोकळं पडलं. त्याने चिठ्ठीवर आकडा इतका मोठ्ठा काढला की कागद पुरला नाही.

जावई मुळात भिडस्त. पण पुढ्यात एकही पेटी नाही आणि मामा डोळे वटारून बसलेले, म्हटल्यावर त्यानेही घाबरत घाबरत सासूबाईंकडे वीस मागितली.

आईने चिठ्ठी वाचली. जावयाकडे पाहिलं. बिचारा रिकाम्या टेबलाशी हात जोडल्यासारखा बसला होता. आता जावई दारात उभा आहे आणि आपण मोजूनमापून वाढायचं? आईचा हात कधी आखडता राहिलाय? तिने कारखान्याच्या चिठ्ठीवर ठसठशीत चाळीस लिहिलं. पुढच्या फेरीला त्याने पुन्हा मागितली. तयार माल अजून यायचा होता. आईने आणखी चाळीस लावली.

गिऱ्हाईक मात्र तिकडे बापडं आठ मागत होतं. तेव्हाही आठ, आत्ताही आठ, शेवटपर्यंत आठच.

आणि मग माल यायला लागला. थोरली पिशव्यांतून ओंजळी भरभरून काड्यापेट्या कारखान्यात ओतू लागली. आईने त्या जावयाकडे लोटल्या, जावयाने मामाकडे, मामाने दुकानाकडे. धाकटीने दोन्ही हात आडवे धरले तरी पेट्या तिच्या मांडीवरून जमिनीवर घरंगळल्या. आईच्या टेबलावर तर डोंगर झाला. डोंगराच्या पलीकडून नुसते तिचे डोळे दिसत होते, आणि न बोलण्याच्या कष्टाने तिचा चेहरा लाल झाला होता.

"थांबा!" थोरली म्हणाली. "आता बोला."

"अरे, किती मागवतोस तू!" आई मामावर तुटून पडली.

"मी? तू किती केल्यास ते बघ!"

"जावईबापूंनी मागितल्या, नाही कशी म्हणणार?"

"मला मामांनी मागितल्या."

"मला हिने!"

"आणि मला," धाकटी थोरलीकडे बोट करून म्हणाली, "हिने फक्त आठ मागितल्या. सारख्या आठच."

 मग अध्यक्षीणबाईच पहिल्यांदा हसल्या, आणि त्यांच्यामागे सगळी रांग. थोरलीच्या अंगावर काटा आला. हा क्षण तिने किती वर्गांत पाहिला होता, तरी दर वेळी तो ताजाच वाटायचा. गिऱ्हाइकाने एकदाच जरा जास्त मागितलं, आणि बघता बघता त्याची लाट होऊन मागच्या टोकाला डोंगर. कुणाचीही नियत वाईट नसताना!

हसत नव्हते ते एकटे कात्री. त्यांनी पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली आणि शांतपणे म्हणाले, "गमतीचं आहे. पण यातून सिद्ध काय झालं? तुमच्या आईंनी जावयावरच्या मायेपोटी दुपटीने माल केला. हा रचनेचा दोष नाही. हा सासूबाईंचा गुण आहे. तुमचा दावा असा होता, की कुणालाही बसवा."

थोरलीचे कान तापले. बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच झोंबलं. आई उठायच्या बेतात होती. धाकटीने तिचा हात धरून खाली बसवलं.

"तर मग सर," थोरली म्हणाली, आणि तिच्या तोंडून शब्द निघून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो, "आता तुम्हीच बसा कारखान्यात."

 पेच साधा होता. या गृहस्थांनी आपली हयात या विषयात घालवलेली. त्यांना लाट कशी येते हे पाठ होतं. त्यांच्या हातून ढीग साचला नाही, तर थोरलीचा दावा समितीसमोर आडवा होणार होता, आणि दाव्यापाठोपाठ जागाही.

कात्री उठले. कोटाचं बटण काढलं. "उठा बाई," आईला म्हणाले.

"बसा की," आई म्हणाली. "खुर्ची गरम आहे, भाजेल."

पुन्हा खेळ सुरू झाला. या वेळी थोरलीने चिठ्ठ्यांचा वेगळा गठ्ठा घेतला, म्हणजे मागणी कधी वाढणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आई कात्रींच्या मागे उभी, ओठ घट्ट मिटून. मागणी वाढली. धाकटी, मामा, जावई तिघांनी मघाशी हात पोळून घेतले होते, म्हणून या वेळी जपून मागत होते; पण पुढ्यातलं टेबल रिकामं झालं की जपणूक कुठच्या कुठे पळते. मागणीचे आकडे फुगत फुगत मागे सरकले. कात्रींनी जावयाची चिठ्ठी घेतली, वाचली, विचार केला आणि बेताचा आकडा लिहिला.

 आणखी एक फेरी. पुन्हा बेताचाच. जावयाच्या चिठ्ठीवरचा आकडा आणखी वाढला. कात्रींच्या टेबलावरची शेवटची पेटी गेली. देण्यासारखं काही उरलं नाही. त्यांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. सगळी समिती माना पुढे काढून बघत होती. आणि मग त्यांनी भलामोठा आकडा लिहिला, आणि स्वतःच त्या आकड्याकडे असे बघत बसले, जणू तो दुसऱ्या कुणी लिहिलाय.

ढीग साचला! कारखान्यातच साचला! आईने तोंडावर हात ठेवला, पण डोळे टाळ्या वाजवत होते. मामाने टेबलावर थाप मारली. धाकटी थोरलीला डोळ्यांनी खुणावत होती, बस झालं, इथेच थांब, जिंकलीस.

थांबायला काही हरकत नव्हती. 'बघा सर, तुम्हीसुद्धा' एवढं म्हणून थोरलीने खाली बसायचं होतं. पण ती त्या ढिगाकडे बघतच राहिली. तिने मघाचा आईचा ढीग डोळ्यांसमोर आणला. हा त्याच्या निम्मा होता. बरोबर निम्मा. का?

आणि तिला पेपरमिंट दिसलं. कात्रींच्या उजव्या हाताशी दोन गोळ्या ओळीने मांडलेल्या होत्या.

"सर, या गोळ्या कशासाठी?"

"कशाच्या? या?" ते जरा ओशाळले. "काही नाही. माल करायला लावला की एक गोळी मांडत होतो, तयार होऊन आला की उचलत होतो. नाहीतर लक्षात राहत नाही. शेवटी घाईत मांडायच्याही राहिल्या आणि उचलायच्याही."

"राहिल्या! कधीपासून राहिल्या?"

"तो मोठा आकडा लिहिला ना, त्याच्या जरा आधीपासून."

थोरलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण पाठ देतोय, समोर समिती आहे, घड्याळ पळतंय, याचं तिला भानच राहिलं नाही. ती फळ्याकडे धावली.

"सर, तुमचा शेरा बरोबर होता!"

धाकटीने कपाळावर हात मारला.

"मी लिहिलं, की माणूस कुठलाही असो, फरक पडत नाही. पडतो! निम्म्याने पडतो! पण तो हुशारीचा नाहीये, सर. तुमच्याकडे गोळ्या होत्या तोपर्यंत तुम्ही बेताने वागलात, गोळ्या थांबल्या आणि तुम्हीही आईसारखेच झालात. पुढ्यातलं रिकामं टेबल दिसतं. वाटेवरचा माल दिसत नाही. जो दिसत नाही तो नाहीच, असं धरून माणूस पुन्हा मागवतो! तो दिसायला लागला तर? त्यासाठी बोलायची गरज नाही, यंत्र नको, काही नको, नुसता डोळ्यासमोर पाहिजे. सर, ते पाकीट द्या."

"कसलं?"

"पेपरमिंटचं!"

कात्रींनी निमूटपणे पाकीट दिलं. तिने गोळ्या चारही टेबलांवर वाटल्या. "आई, कारखान्यात परत. लवकर! मागवलं की गोळी मांडायची, आलं की उचलायची. तेवढंच वाढलं आहे खेळात, बाकी सगळं तेच. माणसं तीच, सासूबाई त्याच!"

"वेळ संपलाय," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"खेळू द्या," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला होता.

तिसऱ्या खेळात कुणी जांभई दिली नाही. पुढची उमेदवार केव्हाच येऊन दारात उभी होती, तीसुद्धा आत सरकून बघायला लागली. मागणी वाढली. धाकटीने दहा लिहायला घेतलं, गोळ्यांकडे पाहिलं, खोडून आठ लिहिलं. आईकडे जावयाची चिठ्ठी आली. तिचा हात सवयीने मोठ्या आकड्याकडे निघाला. मग ती पुढ्यातल्या गोळ्यांवर बोट टेकवत गेली, आणि जावयाकडे बघून तिने मान हलवली. म्हणजे, धीर धरा, येतंय. मान हलवणंही नियमाबाहेर होतं, पण कुणी बोललं नाही.

ढीग झाला, पण ओंजळभर. कात्रींच्याहून कमी. आणि तोही मामाच्या टेबलापाशी, अगदी एकाच फेरीतला.

"मामा, हे इथे कसं चुकलं?" थोरलीने विचारलं.

मामाने नजर चुकवली. त्याचा गाल फुगलेला होता.

"मामा, तू गोळी खाल्लीस?"

"आता समोर मांडून ठेवल्यावर..." मामा म्हणाला. "मग वाटलं, अरेच्चा, इथे काही मागवलेलंच नाही, म्हणून पुन्हा मागवलं."

हसण्याने खिडक्यांची तावदानं थरथरली. आणि थोरली त्या हसण्यात ओरडत होती, "बघा! बघा ना! एक गोळी नाहीशी झाली आणि तेवढीच लाट आली! याहून सरळ पुरावा मला वर्षभर मांडता आला नसता!"

त्यांना बाहेर बसवलं. दारातली उमेदवार आत गेली, पाठ देऊन बाहेर आली, तिच्यानंतरचाही एक जाऊन आला, मग समिती आतून दार लावून बसली. घरची मंडळी बाकावर दाटीवाटीने बसली. नवरा थोरलीला पाण्याची बाटली देत होता आणि तिला ती दिसत नव्हती.

"शेरा बरोबर होता, हे कशाला सांगायचं होतं?" आई खालच्या आवाजात फणकारली. "जिंकलेला डाव हातचा घालवलास. मोठी आलीय खरं बोलणारी!"

"आई, गोळ्यांऐवजी रंगीत खडू घेतले तर मामाला खाता येणार नाहीत."

"ऐक माझं! नोकरीचं काय?"

"आणि नर्सेसवर करून बघायला पाहिजे. ए, तुमच्या वॉर्डात औषधं मागवता ना, ती कधीकधी दुप्पट येतात?"

"नेहमीच," धाकटी म्हणाली. "सलाइनच्या बाटल्यांवर आम्ही बसतो अक्षरशः."

"बसता? कुठे? मला दाखव!"

दार उघडलं. अध्यक्षीणबाई बाहेर आल्या. आई ताडकन उभी राहिली, मामाही, जावईही. थोरली बाकाच्या टोकाला बसून गुडघ्यावर टेबलांची आखणी करत होती.

"अभिनंदन," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "जागा तुमची. एकमताने."

थोरलीने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं, आणि ती म्हणाली, "मॅडम, ही खोली पुढच्या आठवड्यात मोकळी आहे का? आठ टेबलं मावतील?"

"अगं, आधी थँक्यू म्हण!" आई कडाडली. मग अध्यक्षीणबाईंकडे वळून म्हणाली, "लहानपणापासून अशीच आहे हो. पण तुम्हाला शोधूनसुद्धा दुसरी सापडली नसती. हे आपलं सांगून ठेवते."

मागून कात्री बाहेर आले. हातात पेपरमिंटचं रिकामं पाकीट.

"आठ पुरणार नाहीत," ते म्हणाले. "बारा लागतील. चार गोळ्यांची, चार बिनगोळ्यांची, आणि चार अशी, जिथे गोळ्या मध्येच काढून घ्यायच्या."

"मध्येच काढून!" थोरली उठलीच. "सर, पण कितव्या फेरीला?"

"त्यावरच तर भांडण आहे. या आत, फळ्यावर दाखवतो."

दोघं आत गेलीसुद्धा. अध्यक्षीणबाई नेमणुकीच्या अटी सांगायला तोंड उघडून उभ्या, आणि समोर ऐकायला उमेदवारच नाही.

"मला सांगा," आई बाकावर सरकून त्यांना जागा करत म्हणाली. "मी ऐकते."